अंगणात पडलेली राख

कुंडल,
मंगळवार, सकाळचे सव्वासात

ती. स्व. केरबा दाजी यांस मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आणि आक्काचं बीपी ताळ्यावर असेल असं धरून चालतो. इकडं सगळे बरे. तीन-तीन आंघोळींमुळं (म्हशीसह) सर्दी तेवढी झाली आहे. त्याचं कारण असं.

रविवारी मोबाइलवर अणुचाचण्यांच्या इतिहासाचा माहितीपट पाहिला. एक तास बावीस मिनिटं, जागचा हललो नाही. मी सातवी शिकलेला. पण सुरुंगाचं काम स्वतःच्या डोक्यानं शिकून एकतीस विहिरी फोडल्या, बोटं दहाच्या दहा आहेत. (नवव्या विहिरीचा दगड भाऊसोच्या गोठ्यावर गेला. गोठाच जवळ होता.) तर दाजी, समुद्रातल्या एका बेटावर त्या शिकलेल्या शास्त्रज्ञांचा हिशेब चुकला आणि बार उडाला अडीचपट. वर वारा फिरला. शंभर मैलांवरच्या माणसांवर पांढरी राख पडली आणि पोरं तिच्यात खेळली. दुसरीकडं जवानांना चरात बसवून एवढंच सांगितलं, की पाठ फिरवा, डोळे झाका.

सोमवारी सकाळी दहाला आमच्या अंगणात राख पडू लागली. साखर कारखान्याची काजळी काळी असते, शिवाय हंगाम संपलेला. ही करडी-पांढरी. शंभूराजची पोरगी प्रियदर्शनी ओंजळीनं उडवत होती. पोरीला उचललं, घरादाराला घासून आंघोळी घातल्या, वाळत घातलेल्या कुरडया दीड हात खोल (मोजून) पुरल्या. मग बांधावर जाऊन मूठभर माती सोडून वारा बघितला. तो येत होता भाऊसोच्या रानातून. भाऊसो काठी टेकून उभा.

"आवं, उसाचं पाचट पेटवलंय," तो म्हणाला, "पर तुमी म्हशीला साबण कशापायी लावलाय?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या कुंडलात झाली. पाचटाची राख एवढी पांढरी नसते, हे माझं मत मात्र कायम आहे.

आपला,
गुंडा

ता. क. कुरडया गेल्यामुळं अंजना बोलत नाही. आक्कानं दोन किलो पाठवाव्यात.

ता. क. दुसरा. हे फोनवर बोलता येत नाही, अंजना ऐकते; आईचं काळीज. आमचा शंभूराज "वाळवंटात सराव हाय, फोन लागणार न्हाई" म्हणाला, त्याला आज अकरा दिवस झाले. तिकडं आता तसले स्फोट होत नाहीत, शेवटच्या चाचणीचं साल मला पाठ आहे. तरी आपणही चोवीस वर्षं फौजेत काढलीत. एखाद्या जुन्या सोबत्याला विचारून पोरगं बरं आहे एवढं कळवा. जमलं तर तिकडं वारा कुठून वाहतो तेही. अंजनाला वाटतं, मी राखेला भ्यालो. तसंच वाटू दे.