बाळंतिणीची शेगडी

आई, तुझी शेगडी परवा माळ्यावरून खाली काढली. लेक बाळंतपणाला इथं सोलापुरात, शुक्रवार पेठेत माझ्याकडेच आलीय. मुलगी झाली, तुझी पणती. माझ्या वेळी तू जेऊरहून हीच शेगडी मांडीवर घेऊन रेल्वेनं आली होतीस. सोलापुरात शेगड्या मिळत नाहीत का, असं विचारलं तर म्हणालीस, "मिळत्यात की, पन त्यास्नी ऊब न्हाय." मग दारं-खिडक्या बंद, बाजेखाली निखारे, वर ओवा आणि बाळंतशेपा. धूर इतका कोंडायचा की तुझं तोंड दिसायचं नाही, नुसता खोकला ऐकू यायचा. मी खिडकीकडे बघितलं तरी ओरडायचीस, "ऱ्हाऊ दे की! वारं लागलं तर जलमभर कंबर धरून बसशील." मी गुमान पडून राहते. कंबर शेकत असते, पोर कुशीत असते, तू फुंकणी घेऊन खाली वाकलेली असतेस. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही, आई.

गावात कुणीही बाळंत होवो, धुरी द्यायला तूच. विडीला कधी शिवली नाहीस, तरी शेवटी छाती भात्यासारखी वाजायची. धुरानंच फुफ्फुसं गेली असं डॉक्टर म्हणाले, तर तू हसलीस. "चुलीचा आसंल. ओव्याचा धूर तर औषध हाय की!" आणि घरी येऊन कफ सुटावा म्हणून परत ओव्याचीच धुरी मागून घेतलीस. काय म्हणावं तुला?

परवा मी निखारे फुलवून शेगडी आत नेऊ लागले, तर लेक दारातच आडवी आली. "आई, खोलीत धूर नको. बाळाची छाती केवढीशी!" मला रागच आला. धुरीतच वाढलीस ना, मेलीस का, असं अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पाळण्यात बाळ खोकलं. एकदाच, बारीकसं. मी तशीच मागं फिरले. लेकीच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी दिली, खिडकी सताड उघडली. दोघी गाढ झोपल्या.

हे पत्र तुला कुठल्या पत्त्यावर धाडू? शेगडीत घालावं म्हटलं, तर तेवढाच आणखी धूर. राहू दे उशीखाली. एक मात्र सांगते. त्या दिवशी ते निखारे मी गच्चीवर नेले आणि त्यावर मूठभर ओवा टाकला. डासांसाठी, असं लेकीला सांगितलं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तोंड बाजूला केलं नाही. तुझ्या पदराला असाच वास यायचा.