पाण्यातून काठाकडे

ब्रह्मपुरी,
३ डिसेंबर १९९८

ती. स्व. देवरावमामांस,
रुपालीचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मामींना सांगा, त्यांच्या तिखटाची डबी खोलीतल्या रिंकूने दोन दिवसांत संपवली.

खरी गोष्ट लिहिते. सोळा तारखेला मुखरूभाऊंच्या खटल्यात माझी साक्ष आहे. वैनगंगेत त्यांची नाव उलटून गोकुळाबाई गेल्या, त्याला तीन महिने झाले. बाराचीच परवानगी, आम्ही तेरा होतो. मुखरूभाऊ म्हणतात, बारा मोजून मी दोर सोडला, मंग पाठीमागून कोन चढलं मले नाई दिसलं. मी मात्र पोलिसांना सांगितलं की नाव बांधलेली असतानाच सगळे चढले. त्यावरच त्यांना शिक्षा होईल. पण डोळे मिटले की मला नुसती मधली धार दिसते, चढल्याचं काहीच आठवत नाही. मग मी ते सांगितलं कशावरून? शाळेआधी पाढे तुम्हीच पाठ करून घेतलेत, आता हेही शिकवा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
रुपाली


६ डिसेंबर

चि. रुपालीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

सतराचा पाढाबी तू आधी रडून मंगच म्हणायची. पहिले शांत बस. तलावात मी अठरा जाळी टाकतो, निशाणी एकालेबी नाई. मोजत बसलो त चार हरवतात. म्हणून मनातल्या मनात घरून निघतो. तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडाजवळ एक, धुण्याच्या दगडाजवळ दुसरं. तरी अडलं त शेवटच्या जाळ्यापासून उलटा घराकडे येतो. उलटं येताना मन सवयीनं काही भरत नाई. अन् मनाले काय दिसलं ते पुसू नको, पायाले काय लागलं ते पुस. नाई आठवलं त नाई म्हण.

जीव लावतेस तसा लावत राहा.
देवराव


९ डिसेंबर

ती. स्व. मामांस,
शि. सा. न.

उलटी आले. नाव कलली त्याच्या आधी मी बसलेली आहे, आणि माझी सलवार गुडघ्यापर्यंत ओली, पायांना चिकटलेली. बाकीचे फळीवरून कोरडे चढले होते. गोकुळाबाई म्हणाल्या, भिजली ना पोरी, बस इथी; आणि स्वतः कडेला सरकल्या. त्याआधी पायांखाली चिखल, हातात एकच चप्पल, नाव पुढे, मी मागे. पहिल्या तासाला पेपर होता.

तेरावी मीच, मामा.

पण पायाले पुस म्हणालात म्हणून मी हे पाय रचले तर नाहीत ना? एकदा मन खोटं बोललं, दुसऱ्यांदा खरं कशावरून? शपथेवर सांगायचं आहे. दोन रात्री झोप नाही.

रागावलात तरी पत्र पाठवा.
रुपाली


१२ डिसेंबर

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

रचलं नाईस. त्या दिवशी फळीपासून दहा पावलांवर, पाण्याच्या कडेच्या चिखलात एक चप्पल रुतून होती. अंगठा जाळ्याच्या हिरव्या दोऱ्यानं शिवलेला. तुझ्या चपलेले घातलेला तो टाका माझ्या हातचा. मी ती आणून मासोळीच्या टोपल्याखाली लपवली. तीन महिने मुखरूच्या दारावरून मान खाली घालून जातो. तुले आठवायची रीत लिहिली, अन् पत्र पेटीत टाकताना म्हणलं, नाई आठवलं त बरं होईल.

हे पत्र टाकून आधी मुखरूकडे जातो. सोळाले पहिल्या बसनं तुझ्याकडे. चप्पल पिशवीत घेतली आहे. कोर्टात पहिले तू तुझं सांग, मंग मी माझं सांगतो.

अजून मामा म्हणावंसं वाटलं त म्हण.
देवराव