चार पदरी की आठ पदरी

सोमवार, ५ जानेवारी

आज पुन्हा दोरा! समृद्धी ऑफिसातून आली, चपला काढायच्या आधी मोबाइल माझ्या नाकापुढे. "आजी, बघ ना, चार पदरी घेऊ की आठ पदरी?" मोठागावच्या खाडीवर गळाने जिताडा मासा धरायचाय म्हणे. त्यासाठी नवीन रीळ आणलंय, त्यावर हा विणलेला दोरा गुंडाळायचा. नात माझी अठ्ठावीसची! मी सलिलचं स्थळ आणलंय— कल्याणचा, बँकेत, नाकीडोळी नीट. रविवारी त्यांना उत्तर द्यायचंय. बाईसाहेब म्हणतात, "बघू." तो पोहे खाऊन गेला, वीस मिनिटं. तेवढंच बघणं! दोऱ्याचे मात्र चाळीस व्हिडिओ बघून झाले.

मंगळवार, ६ जानेवारी

आठ पदरी मऊ, आवाज न करता लांब जातो. चार पदरी खरखरीत, पण खडकावरच्या कालवांच्या शिंपांना घासला तरी टिकतो. मला सगळं पाठ झालंय. सलिलच्या बहिणीचं नाव विचाराल तर येत नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

चार पदरी आला. हिरवा. सूनबाई म्हणाली, "मॅचिंग ब्लाउज पण मागव." सुमित पेपरातनं डोकं न काढता— "बाजारात जिताडा साफ करून देतात." बापाला एवढंच सुचतं. समृद्धी कुणाचं ऐकतेय! न्हाणीघरात काठी आडवी टाकली, दोऱ्याला गाठ मारून भरलेली बादली टांगली. कोरडी गाठ बघितली, ओली करून परत बघितली. बादली तासभर टांगून होती, गाठ सुटली नाही. मी दारात स्टूल टाकून बसलेले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या वेळी नवऱ्याला असं कुणी तपासून घेतलं नाही, ह्यांना तर नाहीच नाही.

मग म्हटलं, आपणही तपासू. दोरा गुंडाळताना समोर कुणीतरी ताणून धरायला लागतं. लावला सलिलला फोन— "शनिवारी ये रे बाबा, काम आहे."

शनिवार, १० जानेवारी

आला. इस्त्रीच्या शर्टात! ओल्या फडक्यात दोरा धरून खाली बसला, समृद्धी रिळाची दांडी फिरवतेय. झालं सगळं, ओढून बघितलं तर रिळावरचा अख्खा दोरा जागच्या जागी गोल गोल फिरतोय! दोघं एकमेकांच्या तोंडाकडे. मी म्हटलं, "अगं, भिवंडीला मागावर सुताच्या कांड्या भरल्यात मी. गुळगुळीत दोरा असाच सटकतो. खाली आधी तुझा जुना नायलॉनचा तंगूस चार वेढे घाल, त्याला हा बांध." मग सगळा दोरा सोडून पुन्हा पहिल्यापासून. आणि बरोबर बसला की! "आजी, तू तर इंजिनियर!" म्हणाली. फुगले मी.

सलिल दोन तास बसला. बोलला किती? दोनदा.

एकदा, "मासा मिळाला की काय करता?" ही म्हणते, "फोटो काढते आणि सोडते." सोडते!! दोन महिने ही दर रविवारी खाडीवर जाते आणि मी वाटण करून ठेवतेय. मला वाटायचं, पोरीला धरताच येत नाही. कुणासमोर बोलले नाही, तिला वाईट वाटेल म्हणून!

दुसऱ्यांदा, "आमच्याकडे मासे शिजत नाहीत."

घ्या. पोह्यांच्या वेळी हे कुणी बोललं नाही. आमची पोर वाळून जाईल त्या घरात. मुका तर मुका, वर वरणभात!

रविवार, ११ जानेवारी

समृद्धी उजाडताच खाडीवर गेली. नऊला सलिलच्या आईचा फोन. मीच घेतला. म्हटलं, नाही जमणार. "मुलगी नाही म्हणाली का हो?" "मुलीचं सोडा, मी म्हणते. स्थळ मी आणलं, मीच परत पाठवते." काय हलकं वाटलं! चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली. डॉक्टर दोनच म्हणतात.

रविवारच, दुपारी

समृद्धी आली. मागे सलिल, गुडघ्यापर्यंत चिखल. सातपासून तिच्यासोबत मासा उचलायची जाळी धरून उभा होता— हिनेच बोलावलेला! दोन जिताडे धरले, दोन्ही सोडले. पाय धुताधुता दोघं खिदळतायत. मुका म्हणे! मला बाजूला घेऊन म्हणते, "आजी, त्याच्या आईला हो कळव ना. स्थळ तुझं, मान तुझा."

फोन हातात धरून बसलेय. म्हाताऱ्या माणसाचं डोकं कधीकधी चालत नाही, असं सांगते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझं वय कामाला येतंय.