शेवटचा स्क्रू

दि. ४ मार्च

चि. मुंगीस,
दादाचे अ. उ. आ.

लेकीकडचा मुक्काम आटोपून काल घरी परतलो. जिने चढताना गुडघ्यांनी अशी काही तक्रार केली की शेजारच्या मास्तरांनी दार उघडून पाहिलं. अर्धं आयुष्य लोकांच्या लिफ्ट चालू करण्यात घालवलं आणि राहतो मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. तुझी वहिनी आज असती तर हसून हसून लोळली असती.

लेक म्हणते, बाबा, आता कायमचे इकडेच या. तळमजला आहे, वेगळी खोली आहे, मागे उन्हाची बंद बाल्कनी आहे. जावई तर इतका भला, की मी खुर्चीतून उठलो की माझ्याआधी तोच उठतो. तेच दुखणं आहे बघ. परवा स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. वॉशर गेलाय हे मी बाहेरच्या खोलीतून सांगितलं असतं. पण लेकीने माझ्यादेखत प्लंबरला फोन केला. तो आला, काका जरा बाजूला सरका म्हणाला, आणि मी सरकलो!

मुंगे, सिनेमाच्या केबिनमध्ये तुटलेली फिल्म मी अंधारात जोडायचो, खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आत. मग शिलाई मशिनं केली, लिफ्ट केल्या, शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी मोडलेलं सगळं सांधलं. गच्चीवर मधमाश्या पाळल्या त्या वेगळ्याच. आणि त्या घरात माझ्याकडून अपेक्षा एवढीच, की पेपर वाचावा आणि चहा गार होऊ देऊ नये. मला तिथे जायची भीती नाही, तिथे पाहुणा होऊन राहायची आहे. महिनाअखेरीस येऊन काय ते सांगतो म्हणालोय. बहुतेक नाहीच म्हणेन. हे तुला म्हणून लिहिलं, पोटात ठेव.

तुझी कंबर कशी आहे? माया आहेच, तीत खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. ९ मार्च

ती. दादास,
मुंगीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले. कंबर बरी आहे, डोकं तू फिरवलंस.

तू नोकरी बदललीस की आपले वडील कपाळाला हात लावून म्हणायचे, एक ना धड भाराभर चिंध्या. पण घरात काही बंद पडलं की हाक तुलाच. मधमाश्यांचं तू नाव काढलंस म्हणून सांगते, तुझे मेहुणे अजून मधाची बाटली लांबूनच उघडतात. माश्या चावल्या त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका सुजला होता की मी ओळखलं ते चपलांवरून. आणि तुझा माउथ ऑर्गन! तो तू वाजवायला घेतलास की वहिनीला नेमकं बाजारात काहीतरी आणायचं आठवायचं. पण खरं सांगू, ती आमच्यात बसून तुझं इतकं कौतुक करायची की ऐकवत नसे.

तुझी ती खोड आठवते का? काहीही दुरुस्त केलंस की शेवटचा स्क्रू तू कधी आवळला नाहीस. ज्याची वस्तू, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचास. म्हणायचास, आता हे तुझं झालं. माझ्या शिलाई मशिनचा शेवटचा स्क्रू मी आवळला, म्हणून ते मीच दुरुस्त केलं असं सुनेला आजही ठणकावून सांगते. तुझ्या लेकीने तर पहिल्या सायकलची घंटी अशी आवळली की ती पुन्हा कोणाच्या बापाला निघाली नाही.

तर असा हा माणूस लेकीसमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो आणि गाऱ्हाणं मला लिहितो. अरे, तिला बोल की. मी काही मध्ये पडणार नाही. माझी जीभ किती ताब्यात असते हे तुला ठाऊकच आहे.

मोठेपणाने रागावलास तरी चालेल, पण आठवण ठेव.

तुझी,
मुंगी


दि. १६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मध्ये पडणार नाही, पडणार नाही म्हणत फोनवर तू सगळं सांगून टाकलंस, फार बरं केलंस. अगं, त्यांना सिंकखाली वाकायला लागू नये म्हणून मी प्लंबर बोलावला होता. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून कुठे दुखतंय ते विचारते, आणि माझ्याच घरात बाबांना कुठे दुखलं ते मला कळलं नाही. खूप रडले.

आता बाल्कनीत त्यांच्यासाठी कामाचं टेबल करायला घेतलंय. विकतचं नाही, माझ्या हातचं. नवरा म्हणतो, दात कोरणारीला लाकूड काय जड! पण पेशंट निदान आ करतो, लाकूड ढिम्म हलत नाही. आतापर्यंत तीन पाय एका मापाचे झाले, चौथ्याने मात्र माझ्या नाकी नऊ आणलेत. एवढं करूनही बाबा नाही म्हणाले तर काय करू गं? त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. या वेळी खरंच.

तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी,
भाची


दि. ३० मार्च

चि. मुंगीस,
दादाचे अ. उ. आ.

चहाडखोर आहेस. सुखी राहा.

परवा इथे आलो ते नाही म्हणायचं पक्कं करून. येताना वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. आज सकाळी लेक मला बाल्कनीत घेऊन गेली. तिथे टेबल उभं होतं. भोकं वाकडी, कडा खरबरीत, रंग टेबलाला कमी आणि जावयाच्या हाताला जास्त. एका कोपऱ्यात स्क्रू अर्धाच बसवलेला, आणि शेजारी माझा लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर. हा हरवला म्हणून मी किती वर्षं चुटपुटत होतो! कॉलेजच्या हॉस्टेलवर जाताना हिने तो पळवला होता, आणि पुढे प्रत्येक घरी सोबत नेला. ती म्हणाली, बाबा, आता हे तुमचं करा. आणि दवाखान्यात निघून गेली, मागे वळून न पाहता.

मी स्क्रू आवळला. चष्मा पुसायला लागला, तो पुसला. जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

मग टेबलावर हात टेकला, तर ते डुगडुगलं. चौथा पाय आखूड आहे. म्हणजे माझ्या लेकीने मला टेबल दिलं आणि वर कामही दिलं. दुपारभर जावयाला हाताशी घेऊन पाय उतरवला, खाली फळीचा तुकडा जोडला, कडा घासल्या. जावई एकदाही मला बसा म्हणाला नाही, उलट मीच त्याला बस म्हणालो.

माझ्या घरचं सामान इकडे हलवायला पुढच्या महिन्यात तू ये, मेहुण्यांनाही आण. मधमाश्या नाहीत म्हणावं, अजून तरी. आता टेबल दगडासारखं स्थिर आहे. एक स्क्रू तेवढा अर्धा सोडलाय आणि स्क्रूड्रायव्हर शेजारी ठेवलाय. लेक दवाखान्यातून येईलच इतक्यात.

तुझा,
दादा