सात बोटांचा क्लास

३ नोव्हेंबर, सोमवार
ही डायरी दिवाळीत घेतली, आज उघडली. आधी पेन सापडत नव्हता. सापडला तेव्हा मूड नव्हता. असो, आता रोज लिहिणार.

परिस्थिती अशी. मोठा भाऊ श्यामदादा जन्मापासून मतिमंद. त्याच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. नवीन काढायला अकोल्याच्या दवाखान्यात बुधवारी तपासणी असते. ते मिळालं की अमरावतीच्या निवासी केंद्रात दादाची सीट, आणि मी मोकळा. माझा मित्र शिवम गोव्यात हॉटेलात लागला. म्हणे, एक तारखेच्या आत ये बे, नाईतर जागा जाईन. आईचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून अकोटमध्ये अडकलो. बी.ए. अर्धी सोडली असली तरी घरात डोकं माझंच.

५ नोव्हेंबर, बुधवार
एकट्यानं जाऊन नंबर लावायचा होता. अकोला स्टँडवर पातूरची गाडी उभी दिसली. तिथली लेणी कधी धड पाहिली नव्हती. छान आहेत. परत येईपर्यंत दवाखाना बंद. पण अर्धं काम झालं समजायचं, अकोल्यापर्यंत तर पोचलोच होतो.

७ नोव्हेंबर
टपरीवर पक्की खबर मिळाली. तपासणीत डॉक्टर मॅडम प्रश्न विचारतात. उत्तरं बरोबर आली की सर्टिफिकेटवरचे टक्के कमी, चाळीसच्या खाली गेले की सगळंच बोंबललं. आणि आमचा दादा तर आईच्या दुकानात मेथीच्या जुड्या मोजून देतो! उद्यापासून क्लास. चुकीची उत्तरं शिकवणार.

८ नोव्हेंबर, सकाळ
पहिला तास. पाच बोटं दाखवली, म्हटलं, सात सांग. दादा म्हणे, पण पाच हायेत ना. पुन्हा समजावलं. तर म्हणे, तुले मोजता येत नाई का बे? पोहे आले, क्लास सुटला.

१० नोव्हेंबर
जबरदस्त प्रगती. दादा आधी बोटं नीट मोजतो, मग खो खो हसत सात म्हणतो. सगळे वार पाठ केले, कारण खरा वार माहीत नसला तर चुकीचा सांगणार कसा? आई पलंगावरून म्हणे, एवढं तर मास्तरनंबी नाई शिकवलं याले. हाडाचा शिक्षक आहे मी, कोणी ओळखलं नाही. दादा भाजीबाजारात सांगत सुटलाय, आमचा योगेश मले शिकवते. नको नको म्हटलं, पण मागं राहून ऐकलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. परतीच्या बसमध्ये
मॅडमनी पाच बोटं दाखवली. दादानं माझ्याकडे पाहून विचारलं, खरं सांगू का घरचं सांगू? दारातला शिपाई हसला.

मग प्रश्न मलाच सुरू. आंघोळ स्वतः करतो? बटणं लावतो? रस्ता ओलांडतो? सगळ्याला ठोकून दिलं, नाही जमत. दादा मधीच म्हणे, मॅडम, हा तर दहाले उठते, याले काय मालूम? शेवटी विचारलं, फिट येते तेव्हा गोळी कोणती देता? म्हटलं, पांढरी. नाव? ते खरंच माहीत नव्हतं.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, रोज जे सोबत असतात त्यांना आणा. म्हटलं, मी लहानपणापासून सोबतच आहे. सुरत, नाशिक आणि पुण्याची वर्षं सोडून.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आईला प्लास्टरसकट गाडी करून नेलं. ती तासभर बोलली. काम झालं. बोटांचा टक्क्यांशी तसा काही संबंधच नव्हता म्हणे. रांगेत जो भेटेल त्याला दादा वार म्हणून दाखवत होता, आणि वर, आमच्या योगेशनं शिकवलं. मी चहाला गेलो.

२६ नोव्हेंबर
दादाला घेऊन अमरावतीच्या केंद्रात. जागा चांगली, झाडं भरपूर. साहेबांनी त्यालाच विचारलं, घरी कोण पाहतं तुला? दादा म्हणे, योगेश. रोज शिकवते. मग पुराव्यादाखल वार म्हटले, सोमवार ते रविवार, एकही चूक नाही.

साहेब म्हणाले, सीट एकच आहे, ज्याच्या घरी कोणी नाही त्याला आधी. मी म्हटलं, साहेब, मला त्या ‘कोणी’त धरूच नका. ते म्हणाले, असं नका बोलू, असा भाऊ नशिबानं भेटते.

बसमध्ये दादानं विचारलं, मंग आता क्लास कधी? मी त्याला खिडकीबाहेर बोट दाखवलं. कापसाच्या गाड्या चालल्या होत्या.

३० नोव्हेंबर, सकाळ
निर्णय पक्का. दुपारच्या गाडीनं निघतोय. आईला सांगितलं नाही, गोव्यातून फोनवर जास्त नीट समजावता येईल. तानुमावशी शेजारीच आहे, ती पाहीलच. तिला विचारायचं राहिलं. गोळीचं नाव पलंगाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. म्हणजे मी माझं कर्तव्य केलं. शिवमला मेसेज टाकला, निघालोच समज.

तीच तारीख, जरा वेळानं
दारात पातूरचे खुशालराव म्हणून कोणी आले आहेत. दवाखान्याच्या रांगेत दादा भेटला होता त्यांना. सोबत त्यांची मुलगी मैना, आमच्या दादासारखीच, वीसेक वर्षांची. नवी रिबन, काखेत पाटी. खुशालराव मला सर म्हणतात. म्हटलं, काका, चूक होतेय, मी निघालोय. तर म्हणे, या तुमी निवांत जाऊन सर, आमी बसतो, पहिल्या गाडीनं आलो, घाई नाई. आतून आई ओरडली, चहा टाक रे, तुये विद्यार्थी आले.

मैनाला दादानं माझ्या बॅगेवर बसवलं आहे.