सातवी हद्दखूण

मुक्काम कोल्यूपाता,
दिनांक ४ ऑक्टोबर

चिरंजीव बासिलिया हिस अनेक आशीर्वाद.

मी, एउलोखियो तिकोना, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, या गावचा दोन वेळचा मुखिया, पूर्ण शुद्धीत लिहितो. प्रकृती ठीक आहे. वाळवलेले बटाटे पुरेसे आहेत. करड्या लामेला पिल्लू झाले.

गेल्या सोमवारी नकाशावाले आले होते. आपल्या जांकू कोल्यू डोंगराचे वर्णन त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले: उत्तरेस खडकाळ सोंड, पूर्वेस तळे, दक्षिणेस आपली कुरणे. नावाचा अर्थ पांढरा डोंगर, असे मी सांगताच त्यांच्यातली मुलगी म्हणाली, "आजोबा, पण हा तर काळा आहे!"

बर्फ आता माथ्यावर टोपीएवढाच उरला आहे.

सातवी हद्दखूण कोठे, असेही तिने विचारले. बर्फाच्या पलीकडे होती, एवढेच मी सांगितले. तुला मात्र अधिक सांगणे भाग आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या हद्दफेरीत, गावाच्या सीमेच्या खुणा तपासताना, मुखियाची काठी माझ्याकडे होती. सहाव्या खुणेपाशी कोकाची पाने वाहून मंडळी विसावली. मी आणि तुझा भाऊ सेवेरो पुढे गेलो. बर्फाशी तो थांबला.

"बाबा, खालून पाणी वाहतंय. ऐका तरी. खडकावरून वळसा घालू."

"वळसा घातला तर हद्द वळते," मी म्हणालो. "बहिणीसारखं तुलाही शहराचं वारं लागलं काय?"

तो हसला. "बरं बाबा, तुमचीच हद्द." आणि पुढे झाला. बर्फ खचला.

दफनाच्या वेळी तू विचारलेस, "त्याला तिथे कोणी पाठवलं?" आपल्या देवाने, डोंगरआजोबांनी त्याला नेले, असे मी सर्वांसमक्ष सांगितले. तेव्हापासून तू आली नाहीस.

ते विधान असत्य होते. मी पाठवले.

येत्या मृतांच्या दिवशी सेवेरोचे तिसरे, म्हणजे अखेरचे पान मांडायचे आहे. त्यानंतर त्याला कायमचा निरोप. तू ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. त्याच्या आत्म्याला वरून खाली उतरण्यासाठी पानाजवळ पिठाची भाजलेली पावाची शिडी लागते. माझ्या हातून पायऱ्या मोडतात.

तुझा पिता,
एउलोखियो तिकोना

हे पत्र मी मोठ्याने वाचले, तेव्हा दोन साक्षीदार हजर होते. सेवेरोचे धर्मपिता कासिमिरो म्हणाले, "चौथी शिकलेल्याला एवढी एक ओळ लिहायला तीन वर्षं लागली होय रे?" त्यांनी सही केली.

दुसरी, सेवेरोची विधवा इलारिया. तिने हे प्रथमच ऐकले. तिने दाराकडे तोंड फिरवले. मग म्हणाली, "बासिलियाला लिहा, पीठ मी मळून ठेवते," आणि अंगठा उठवला.