फटाक्यांची माळ आणि वेळूची काठी

शिराळा, ७ मे २०२४

चि. सौ. रेश्मास अ. आ. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. तुझा भाऊ चोवीस वर्षं फौजेत काढून आला. गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, हलगी लावली, मी स्वतः फटाक्यांची माळ पेटवली. पहिला बार उडाला आणि हवालदार वीरधवल जीपखाली! गळ्यात हार, तोंडात माती. अख्खं गाव हसलं. तेव्हापासून साहेबांनी उंबरा ओलांडलेला नाही.

आणि तू सांगतेस, त्याला साताऱ्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे न्या. आम्हीही सीमेवर गोळीबार बघितलाय. आम्हाला काय झालं? उद्यापासून रोज पहाटे पळवतो, आपोआप ताळ्यावर येईल.

जावईबापूंना नमस्कार. माया वाढव, शहाणपणा कमी कर.
तुझे आबा

सातारा, १२ मे

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

धन्य आहे तुमची! स्फोटातून वाचून आलेल्या पोराच्या पायाशी बापानंच फटाके लावावेत, आणि वर त्यालाच भित्रा म्हणावं. पळून आजार गेला असता, तर शर्यतीचा बैल कधी आजारीच पडला नसता.

इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला पीटीएसडी म्हणतात. धोका संपला तरी शरीराला ती बातमी पोचलेली नसते. गोळ्या असतातच, पण मुख्य म्हणजे दर आठवड्याला बसून त्या दिवसाबद्दल सोसेल तेवढंच बोलायचं. महिने लागतात, पण माणूस सावरतो.

आणि तुम्हाला काही झालं नाही? आई तुम्हाला उठवायला कधी जवळ गेली का? दारातून वेळूच्या काठीनं पायाला डिवचायची. एकदा हात लावला, तर तुम्ही झोपेतच तिचा गळा धरला होतात. आम्हा पोरांना वाटायचं, सगळ्याच घरांत बापाला असं उठवतात. लग्नानंतर मी ह्यांनाही काठीनंच उठवलं. सासूबाईंनी तोंडात बोट घातलं.

गुरुवारी २३ तारखेचा नंबर लावलाय. तुम्ही हो म्हटल्याशिवाय वीरधवल निघायचा नाही. मला त्याच्या जिवाची फार भीती वाटते, आबा.

रागावलात तरी लोभ सोडू नका.
रेश्मा

शिराळा, १७ मे

चि. सौ. रेश्मास अ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुला मनातल्या मनात लय शिव्या घातल्या. काल तुझ्या आईला विचारलं, गळ्याचं खरं का. तिनं दारामागची काठी आणून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, ही तिसरी.

वीरधवलला सांगितलंय, गुरुवारी पहिल्या एसटीनं निघायचं. गावात मी डोळे तपासायला चाललोय असं सांगितलंय. तूही तेच सांग.

केसपेपर दोन काढून ठेव. दुसऱ्यावर माझ्या नावाआधी सुभेदार घालू नकोस, नुसतं नानासो लिही.

तुझ्या लोभातला,
आबा